उमरावांची फितुरी

२० मे १९४०. लंडनमधल्या ग्लॉस्टर प्लेसवरच्या एका भाड्याच्या जागेचं दार आतून कोणी उघडेना, तेव्हा पोलिसांनी ते तोडलं. आत राहणारा टायलर केंट अमेरिकी वकिलातीतला कारकून होता. सांकेतिक तारा लिहिणं आणि उलगडणं हे त्याचं काम. त्याच्या जागेत वकिलातीच्या १,९०० हून जास्त कागदांच्या नकला निघाल्या आणि त्यांत चर्चिल व रूझवेल्ट यांचा गुप्त पत्रव्यवहारही होता. वकिलातीतल्या सांकेतिक कक्षाच्या जादा किल्ल्याही त्याने करून घेतल्या होत्या. चर्चिलला पंतप्रधान होऊन तेव्हा जेमतेम दहा दिवस झाले होते. त्याच दिवशी जर्मन रणगाडे फ्रान्स ओलांडून इंग्लिश खाडीच्या किनाऱ्याला भिडले.

पण पोलिसांना सापडलेल्या चिजांमध्ये मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती कातडी बांधणीची, कुलूप असलेली एक लाल वही. ती केंटची नव्हतीच. ती होती कॅप्टन आर्चिबाल्ड रॅमसे याची. ईटन आणि सँडहर्स्टमध्ये शिकलेला, पहिल्या महायुद्धात लढलेला, स्कॉटलंडमधून निवडून आलेला हा हुजूर पक्षाचा खासदार. मे १९३९ मध्ये त्याने ‘राइट क्लब’ नावाची गुप्त मंडळी काढली होती. तिचं उद्दिष्ट ज्यूंविरुद्ध मोर्चेबांधणी करणं आणि हुजूर पक्षाला ‘ज्यूंच्या पकडीतून’ सोडवणं. वहीत सुमारे २३५ नावं होती. परकी वकिलातीतल्या माणसाच्या घराची झडती होत नसते, या भरवशावर रॅमसेने ती केंटकडे ठेवायला दिली होती. अमेरिकी राजदूताने केंटचं संरक्षण काढून घेतलं आणि हा हिशेब कोसळला.

वहीत होतं कोण? खासदार, लॉर्ड, त्यांच्या बायका, निवृत्त लष्करी अधिकारी. पुढे बर्लिन रेडिओवरून ‘लॉर्ड हॉ-हॉ’ म्हणून कुप्रसिद्ध झालेला विल्यम जॉइसही होता. मंडळीच्या सुरुवातीच्या बैठकांचं अध्यक्षपद भूषवणारा माणूस म्हणजे वेलिंग्टनचा पाचवा ड्यूक. १८०३ मध्ये असईच्या लढाईत शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव करून ज्याने नाव कमावलं आणि नंतर वॉटर्लूवर नेपोलियनला लोळवलं, त्या आर्थर वेलस्लीचा हा सख्खा पणतू. पणजोबाने युरोपातल्या एका हुकूमशहाला गाडलं, पणतू दुसऱ्याच्या चाहत्यांच्या सभेत खुर्ची अडवून बसला.

सरकारने ती वही जनतेसमोर येऊ दिली नाही. १९८० च्या दशकात ती एका वकिलाच्या तिजोरीतून बाहेर आली, तोवर त्यातली बहुतेक माणसं मानाने मरून गेली होती.

केंटला रॅमसेपर्यंत नेणारा दुवा होती ॲना वोल्कॉफ. झारच्या नौदलातल्या ॲडमिरलची ही मुलगी. क्रांतीनंतर देशोधडीला लागलेलं हे कुटुंब लंडनच्या साउथ केन्सिंग्टन भागात ‘रशियन टी रूम्स’ नावाचं चहाघर चालवत होतं आणि ॲना उच्चभ्रू बायकांचे कपडे शिवत होती. चहाघरात बसणाऱ्यांमध्ये गुप्तहेर खात्याने पेरलेल्या बायकाही होत्या, हे तिला कळलं नाही. बंद दाराआड खटला चालला. तिला दहा वर्षांची सजा झाली, केंटला सात. रॅमसेवर खटला भरलाच गेला नाही. त्याला नुसतं स्थानबद्ध केलं. ब्रिक्स्टन तुरुंगात असतानाही त्याची खासदारकी कायम राहिली आणि तो तिथून संसदेला लेखी प्रश्न पाठवत राहिला. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने आपल्याला देशद्रोही ठरवलं म्हणून त्याने अब्रुनुकसानीचा दावाही लावला. बातमीतला आरोप सिद्ध झाला नाही, म्हणून न्यायाधीशाने निकाल त्याच्या बाजूने दिला. भरपाई ठरवली एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी. इंग्रज न्यायाधीशाला एखाद्याच्या अब्रूची किंमत सांगायची असली की तो अशी सांगतो.

आता प्रश्न असा, की ज्यांच्याकडे जमीन, पदव्या, संसद, सैन्य सगळंच होतं त्यांना हिटलरमध्ये काय दिसलं? याचं उत्तर जर्मनीत शोधण्यापेक्षा रशियात शोधावं. १९१७ मध्ये तिथली सरंजामशाही काही महिन्यांत धुळीला मिळाली आणि पुढच्या वर्षी झारच्या सबंध कुटुंबाला गोळ्या घातल्या गेल्या. झार हा इंग्लंडच्या राजाचा मावसभाऊ. घरात मृत्युकराने जमिनी विकायची पाळी आलेली, लॉर्डांच्या सभागृहाचा नकाराधिकार १९११ मध्येच गेलेला, १९२६ मध्ये देशभर कामगारांचा सार्वत्रिक संप झालेला. अशा वेळी कामगार संघटना मोडून काढणारा, साम्यवाद्यांना तुरुंगात कोंबणारा आणि मालमत्तेला हात न लावणारा पुढारी त्यांना रखवालदार वाटला. १९२७ मध्ये रोमला गेलेल्या चर्चिलनेसुद्धा पत्रकारांसमोर मुसोलिनीची तोंडभरून स्तुती केली होती. फॅसिझमचं कौतुक तेव्हा शिष्टसंमत होतं, हे ध्यानात घेतलं नाही तर पुढचं काहीच उलगडत नाही.

लॉर्ड लंडनडेरी हा याचा नमुना. डरहॅममधल्या कोळसाखाणींचा मालक, चर्चिलचा नातलग आणि १९३१ ते १९३५ ब्रिटनचा हवाई दल मंत्री. पद गेल्यावर त्याने जर्मनीच्या वाऱ्या सुरू केल्या, हिटलर आणि गोअरिंगला भेटला, नाझी मुत्सद्दी रिबेनट्रॉपला आपल्या आयर्लंडमधल्या वाड्यावर पाहुणा म्हणून बोलावलं. वाड्यात एक चिनी मातीचा पुतळा आला, हातात झेंडा घेतलेल्या एस.एस. सैनिकाचा. पाहुण्याची ही भेट. वृत्तपत्रांचा मालक लॉर्ड रॉदरमिअर याने तर १९३४ च्या जानेवारीत आपल्या ‘डेली मेल’मधून फॅसिस्ट पुढारी ऑस्वल्ड मोस्लीच्या काळ्या सदऱ्यांचा जयजयकार केला होता.

इथे एक सावधगिरी बाळगायला हवी, कारण या विषयावरची लोकप्रिय पुस्तकं सरसकट सगळ्यांना एकाच पोत्यात भरतात. अ‍ॅस्टर दांपत्याच्या क्लिव्हडन बंगल्यावर जमणाऱ्या मंडळींना १९३७ मध्ये पत्रकार क्लॉड कॉकबर्नने ‘क्लिव्हडन सेट’ हे नाव दिलं आणि ते चिकटलं. ती माणसं हिटलरशी जमवून घ्यायच्या मताची होती, हे खरं. पण मे १९४० मध्ये नॅन्सी अ‍ॅस्टरने पंतप्रधान चेंबरलेनच्या विरोधात मत दिलं. अनुनयाचं धोरण मागणाऱ्या कितीतरी घरांत पहिल्या महायुद्धात पोरं गेली होती. पुन्हा तसं नको, ही त्यांची भावना खोटी नव्हती. भारतात आयर्विन म्हणून ओळखला जाणारा, १९३१ मध्ये गांधीजींशी करार करणारा व्हाइसरॉय पुढे लॉर्ड हॅलिफॅक्स झाला आणि परराष्ट्रमंत्रीही. मे १९४० च्या अखेरच्या आठवड्यात युद्ध मंत्रिमंडळात त्याने मुसोलिनीच्या मध्यस्थीने तहाच्या अटी चाचपून पाहाव्यात असा आग्रह धरला. चर्चिलने तो मोडून काढला. हॅलिफॅक्सचं म्हणणं चुकीचं होतं असं मला वाटतं, पण ते त्याने मंत्रिमंडळात, सहकाऱ्यांच्या तोंडावर मांडलं. ती फितुरी नाही. रॅमसेने शत्रूच्या फायद्याची कागदपत्रं चोरून वाचली. या दोघांत फरक करायचा नसेल तर हा इतिहास लिहूच नये.

मोस्ली या दोन्हींपेक्षा वेगळा, कारण तो उघड होता. सरदार घराण्यातला बॅरोनेट, बाविसाव्या वर्षी खासदार, मजूर पक्षाच्या सरकारात मंत्री. १९२० मध्ये त्याचं लग्न झालं ते लॉर्ड कर्झनच्या मुलीशी. बंगालची फाळणी करणारा तोच कर्झन. लग्नाला राजा-राणी हजर होते. १९३२ मध्ये मोस्लीने ‘ब्रिटिश युनियन ऑफ फॅसिस्ट्स’ काढली. पुढच्या वर्षी बायको वारली आणि १९३६ मध्ये त्याने डायना मिटफर्डशी दुसरं लग्न केलं. बर्लिनमध्ये, गोबेल्सच्या घरी, हिटलरच्या उपस्थितीत. डायनाची बहीण युनिटी हिटलरच्या इतकी भजनी लागली होती की युद्ध जाहीर झालं त्या दिवशी तिने म्युनिकच्या बागेत स्वतःच्या डोक्यात गोळी झाडून घेतली. ती वाचली आणि मायदेशी परतली. तिला कोणी स्थानबद्ध केलं नाही.

कर्झनच्या दुसऱ्या जावयाचं नाव फ्रूटी मेटकाफ. हा भारतीय घोडदळातला अधिकारी, १९२१-२२ च्या भारत दौऱ्यात युवराज एडवर्डचा दोस्त झाला. त्या दौऱ्याची आठवण महाराष्ट्राला दोन कारणांनी आहे. १७ नोव्हेंबर १९२१ ला युवराज मुंबईत उतरला, त्या दिवशी बहिष्कारातून दंगल पेटली आणि काही दिवसांत पन्नासाहून अधिक माणसं मेली. दोनच दिवसांनी पुण्यात, शाहू महाराजांच्या पुढाकाराने, त्याने शिवस्मारकाची कोनशिला बसवली. पंधरा वर्षांनी हाच एडवर्ड राजा झाला, वॉलिस सिम्पसनसाठी सिंहासन सोडून ड्यूक ऑफ विंडसर झाला आणि ऑक्टोबर १९३७ मध्ये बायकोसह हिटलरच्या डोंगरावरच्या बंगल्यात चहा घेऊन आला. त्याच्या लग्नात पाठराखा होता मेटकाफ. इंग्लंडच्या वरच्या थरात सोयरीक किती आखूड दोरीने बांधलेली होती, हे कळायला एवढं पुरे.

मे १९४० मध्ये फ्रान्स कोसळू लागला आणि देशातले घरभेदी शोधायची घाई सुटली. संरक्षण नियमावलीतला १८-ब हा नियम २२ मे रोजी आणखी कडक झाला. खटला नाही, आरोपपत्र नाही, गृहमंत्र्याच्या सहीवर बेमुदत स्थानबद्धता. दुसऱ्या दिवशी मोस्ली आणि रॅमसे आत गेले, जूनच्या शेवटी डायना. पुढच्या काही आठवड्यांत हजाराहून जास्त लोक १८-ब खाली तुरुंगात होते. त्यांतले बहुतेक मोस्लीच्या संघटनेतले साधे कार्यकर्ते. त्यांच्याबरोबर, वेगळ्या हुकमाने, जर्मनी-ऑस्ट्रिया-इटलीचे सुमारे २७,००० रहिवासीही पकडले गेले. त्यांत मोठा भरणा होता हिटलरच्या छळाला कंटाळून पळून आलेल्या ज्यूंचा. अशा बंदींना कॅनडाला नेणारं ‘अरँडोरा स्टार’ जहाज २ जुलैला जर्मन पाणबुडीने बुडवलं, आठशेहून अधिक माणसं गेली.

आणि ड्यूक लोकांचं काय? ड्यूक ऑफ बक्लू हा देशातल्या सर्वांत मोठ्या जमीनदारांपैकी एक, राजवाड्यातला मानकरी, राजाच्या भावाचा मेहुणा. एप्रिल १९३९ मध्ये हिटलरच्या पन्नासाव्या वाढदिवसासाठी बर्लिनला निघालेला. युद्धातही तहाची भाषा सोडेना म्हणून १९४० मध्ये त्याचं राजवाड्यातलं पद काढून घेतलं. बस्स, एवढंच. लंडनच्या उंची वस्तीतली बरीच जमीन ज्याच्या नावावर, त्या ड्यूक ऑफ वेस्टमिन्स्टरला तहाच्या बडबडीबद्दल मित्र चर्चिलने सप्टेंबर १९३९ मध्ये समज देणारं खासगी पत्र लिहिलं. बेडफर्डचा होणारा ड्यूक १९४० च्या सुरुवातीला डब्लिनमधल्या जर्मन वकिलातीकडून तहाच्या अटी घेऊन आला. तो युद्धभर मोकळा राहिला आणि पत्रकं छापत राहिला. सरकारला भीती होती की एवढ्या मोठ्या नावांना हात लावला तर जगाला, विशेषतः अमेरिकेला, ब्रिटन आतून फुटलंय असं दिसेल. या भीतीत तथ्य होतं. पण त्याच तर्काने गरीब माणूस सुटला असता, असं एकही उदाहरण मला दाखवता येत नाही.

तुरुंगातही फरक होताच. डिसेंबर १९४१ मध्ये मोस्ली नवरा-बायकोला हॉलोवे तुरुंगाच्या आवारात एका स्वतंत्र घरात एकत्र राहायची परवानगी मिळाली, चर्चिलने शब्द टाकल्यावर. घरकामाला कैदी होते. नोव्हेंबर १९४३ मध्ये पायाच्या शिरांच्या दुखण्यामुळे मोस्लीला सोडलं, तेव्हा लंडनच्या रस्त्यांवर कामगारांनी प्रचंड निषेध केला. त्याच वेळी, त्याच साम्राज्याच्या हुकमाने, नेहरू, पटेल आणि आझाद अहमदनगरच्या किल्ल्यात बंद होते. गांधीजी आणि कस्तुरबा पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये. कस्तुरबांचं दुखणं वाढत गेलं आणि २२ फेब्रुवारी १९४४ ला त्या स्थानबद्धतेतच वारल्या. १८-ब चं हिंदुस्थानी भावंड म्हणजे भारत संरक्षण नियमांतला २६ वा नियम. मुंबई सरकारने पकडलेल्या केशव तळपदे यांच्या खटल्यात फेडरल कोर्टाने एप्रिल १९४३ मध्ये तो बेकायदा ठरवला. सरकारने काही दिवसांतच वटहुकूम काढून तो मागील तारखेपासून कायदेशीर करून घेतला. कोर्ट जिंकलं, कैदी आतच.

फितुरीची शिक्षा कोणाला किती, हे पाहायचं तर लिस्बनला जावं. तटस्थ पोर्तुगालची ही राजधानी हेरांनी बुजबुजलेली होती. जुलै १९४० मध्ये फ्रान्समधून निसटलेला ड्यूक ऑफ विंडसर इथल्या एका बँकरच्या समुद्रकाठच्या घरी महिनाभर राहिला. पॅरिस आणि रिव्हिएरावरच्या आपल्या घरांची जर्मनांनी निगा राखावी, अशी विनंती त्याने स्पॅनिश मध्यस्थांकरवी केली होती. त्याला स्पेनला वळवून ताब्यात घ्यायला हिटलरने वॉल्टर शेलेनबर्ग या हेराला पाठवलं. जर्मन राजदूताने बर्लिनला कळवलं की आपण गादीवर असतो तर युद्ध टळलं असतं असं ड्यूकला वाटतं आणि जबर बॉम्बफेक झाली तर इंग्लंड तहाला तयार होईल असं तो म्हणतो. ही तार पुढे उजेडात आली तेव्हा ड्यूकने सगळं बनावट असल्याचं सांगितलं. राजदूत वरिष्ठांना आवडेल ते लिहितात, हेही खरं. पण निम्मं धरलं तरी ते पुरेसं आहे. चर्चिलने त्याला लष्करी शिस्तीची आठवण करून दिली आणि बहामा बेटांचा गव्हर्नर करून १ ऑगस्टला बोटीत बसवलं.

दोन वर्षांनी, १९४२ मध्ये, त्याच लिस्बनमध्ये डंकन स्कॉट-फोर्ड नावाचा विशीतला व्यापारी जहाजावरचा खलाशी जर्मन हेरांच्या जाळ्यात सापडला. जहाजांच्या हालचालींची माहिती त्याने विकली. मिळालेली रक्कम अठरा पौंड. ३ नोव्हेंबर १९४२ ला त्याला फाशी दिली. त्याचा गुन्हा गुन्हाच होता. जहाजांची माहिती फुटली की माणसं बुडतात. खटकतं ते त्याच्या शेजारी ठेवल्यावर दिसणारं लॉर्ड सेम्पिलचं प्रकरण.

सेम्पिल हा स्कॉटिश उमराव, पट्टीचा वैमानिक. १९२१ मध्ये जपानी नौदलाला विमानवाहू जहाजांचं तंत्र शिकवायला गेलेल्या ब्रिटिश पथकाचा तो प्रमुख होता. पुढे तो जपानला गुपितं पुरवतो, हे गुप्तहेर खात्याला १९२० च्या दशकातच कळलं होतं. खटला भरला नाही. १९३९ मध्ये त्याला पुन्हा नौदल खात्यात, तेही विमान विभागात, घेतलं गेलं. १९४१ मध्ये संशय इतका गडद झाला की त्याला दूर करायचं ठरलं, मग ते ढिलं पडलं. पर्ल हार्बरवर हल्ला झाल्यावर त्याच्या कार्यालयाची झडती झाली. परत करायला हवी होती ती गोपनीय कागदपत्रं तिथेच होती आणि तो जपानी वकिलातीला फोन करत असल्याचंही आढळलं. शिक्षा काय? नोकरी गेली.

बडी नावं सुटतात, या नियमाला एक अपवाद आहे आणि तो भारताच्या इतिहासाला चिकटलेला आहे. १९४० ते १९४५ भारतमंत्री होता लिओ अमेरी. ‘छोडो भारत’च्या वेळी ऑगस्ट १९४२ मधल्या सगळ्या अटका त्याच्या कारकिर्दीतल्या. त्यानंतर तीन महिन्यांनी, नोव्हेंबर १९४२ मध्ये, त्याचा थोरला मुलगा जॉन बर्लिन रेडिओवरून इंग्रजांनी जर्मनीशी हातमिळवणी करावी असं सांगू लागला. ब्रिटिश युद्धकैद्यांतून हिटलरसाठी पलटण उभी करायचाही त्याने खटाटोप केला. माणसं मूठभरच मिळाली. लंडनमध्ये बाप काँग्रेसला युद्धात खोडा घातल्याबद्दल दोष देत होता, बर्लिनमध्ये मुलगा उघड शत्रूची नोकरी करत होता. विशेष म्हणजे लिओची आई ज्यू वंशाची होती. ही गोष्ट तो जन्मभर झाकत आला.

जॉन एप्रिल १९४५ मध्ये इटलीत पकडला गेला. धाकट्या भावाने त्याला स्पॅनिश नागरिक ठरवण्यासाठी स्पेन पालथा घातला, पण खटल्याच्या दिवशी जॉनने स्वतःच देशद्रोह कबूल केला. सुनावणी आठ मिनिटांत उरकली. १९ डिसेंबर १९४५ ला वाँड्सवर्थ तुरुंगात त्याला फाशी दिली. जॉन का वाचला नाही? त्याने कबुलीच दिली आणि त्याचा आवाज अख्ख्या देशाने रेडिओवर ऐकला होता. झाकायला काही उरलंच नव्हतं.

जे झाकता येत होतं ते झाकायचा प्रयत्न मात्र शेवटपर्यंत चालला. विंडसरसंबंधीचे जर्मन कागद युद्ध संपताना दोस्तांच्या हाती लागले. पुन्हा पंतप्रधान झालेल्या चर्चिलने १९५३ मध्ये त्यांचं प्रकाशन निदान दहा-वीस वर्षं लांबवावं म्हणून आयझेनहॉवरला गळ घातली. इतिहासकार अडून बसले आणि १९५७ मध्ये ते छापले गेले. सेम्पिलच्या फायली त्यानंतरही कित्येक दशकं बंद राहिल्या. १९६५ मध्ये तो वारला तेव्हा त्याच्याकडे पदवी होती, जहागीर होती आणि त्याच्यावर कसलाही आरोप ठेवला गेलेला नव्हता.